हरलेल्या सेनापतीने मरावं की शरण जावं? (नेसरी, ॲपोमॅटॉक्स आणि आपण)

शहापूरकर (धागाकर्ता)
आपल्याला हरलेला सेनापती मेलेलाच आवडतो. प्रतापराव गुजर नेसरीला पडले, बापू गोखले आष्टीला पडले, म्हणून ते आपले. तलवार खाली ठेवून जिवंत राहिलेल्याचं नावही आपण घेत नाही. मला हे पटत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली. ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियात ॲपोमॅटॉक्सला त्याने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली. त्याच सकाळी अलेक्झांडर नावाच्या त्याच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने सुचवलं होतं, की शरण कशाला जायचं, पोरांना रानात पांगू द्या, गनिमी काव्याने लढतील. ली नाही म्हणाला. उपाशी माणसं लुटालूट करणार, शत्रूचं घोडदळ त्यांच्या मागे फिरणार आणि जिथे लढाई पोचलीच नव्हती ती गावंही उजाड होणार, हा त्याचा हिशेब. उरलेले सुमारे २८ हजार सैनिक पुन्हा न लढण्याच्या वचनावर घरी गेले. स्वतःचा घोडा असेल तर तोही नेऊ दिला, कारण पेरणी तोंडावर होती. म्हणून मला ली मोठा वाटतो.

आता प्रतापराव. १६७३ मध्ये उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडलं, खान गयावया करू लागला, रावांनी सोडून दिला. तो उलटलाच. महाराजांचे शब्द जिव्हारी लागले आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ मूठभर स्वारांनिशी राव खानाच्या फौजेवर तुटून पडले. शौर्याबद्दल वादच नाही. पण राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आलेला असताना स्वराज्याचा सरनौबत, म्हणजे सरसेनापती, गेला. स्वतःच्या मानासाठी मरायची मोकळीक सरनौबताला असते का? माझ्या मते नसते.

खानापूर_सुभेदार (निवृत्त)
साहेब, घरात बसून हे लिहिणं सोपं आहे. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस'. छावणीत कसम परेडला पोरगं धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतं, तेव्हा त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. शपथ आपण खरी मानतो ती वरचा अधिकारीही ती पाळेल या भरवशावर. राव गेले म्हणून फौज मोडली का? आनंदरावांनी ती सावरली आणि पुढच्याच महिन्यात खानाच्या जहागिरीत घुसून संपगाव लुटलं. संपगाव म्हणजे आपल्या बैलहोंगलजवळचंच. ही ईर्ष्या कुठून आली?

शहापूरकर
म्हणजे सरनौबताचं काम आनंदरावांनी केलं! मी तेच म्हणतोय.

टिळकवाडी_इतिहास
दोघेही रॉबर्ट लीला फार स्वस्तात सोडताय. कर्तव्य, मान, श्रद्धा हे सगळे शब्द त्याच्या तोंडी होते, पण ते कशासाठी वापरले? ३० वर्षांहून जास्त चाकरी केलेल्या सैन्याचा त्याने १८६१ मध्ये राजीनामा दिला, आपल्या व्हर्जिनिया राज्यावर शस्त्र उचलणार नाही म्हणून. ते राज्य लढलं गुलामगिरी टिकावी म्हणून. १८५६ मध्ये बायकोला पत्र लिहितो, गुलामगिरी वाईट आहे, पण काळ्यांना ही शिस्त गरजेची आहे, सुटका देवाच्या मर्जीने होईल तेव्हा होईल. देवावर भार टाकून स्वतः मोकळा! १८५९ मध्ये त्याच्या ताब्यातले काही गुलाम पळाले आणि पकडले गेले. त्यातल्या एकाने पुढे सांगितलं की लीच्या समोर त्यांना फटके मारले. एका दुपारच्या शहाणपणाने हे पुसलं जात नाही. प्रतापरावांच्या पंगतीला हा माणूस बसवू नका.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगते. १८६९ मध्ये गेटिसबर्गला स्मारकं उभारायचं निघालं, तेव्हा त्याने कळवलं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत. लोकांनी ऐकलं नाही. १८९० मध्ये रिचमंडला त्याचाच भलामोठा पुतळा बसवला, तो २०२१ मध्ये काढावा लागला.

वडगावचा_गडी
काय वो, अमेरिकेचं काय घेऊन बसलाय? आपल्या किल्ल्याचं बोला की. १८१८ ला इंग्रजांच्या मन्रोच्या तोफा सुमारे तीन आठवडे खाऊन बेळगावचा किल्ला शरण गेला. आतली माणसं वाचली. किल्लेदाराचं नाव सांगा बघू कोण सांगतंय? आणि नंदगडला जाऊन बघा, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ ला फाशी दिलं तिथं. समाधीजवळच्या वडाला बायका पाळणे बांधतात, पोर व्हावं म्हणून. शरण गेलेल्याच्या नावानं कुणी पाळणा बांधलाय काय?

शहापूरकर
पाळण्याचा मुद्दा जबरदस्त, उत्तर सुचत नाही. पण किल्लेदाराचं नाव आपण विसरलो, ही चूक आपली. त्याची कशी?

निपाणीकर
१९५६ पासून आपण काय करतोय? शरणही नाही, मरणही नाही...

टिळकवाडी_इतिहास
सीमाप्रश्नाचे धागे रोज निघतात. हा नको.

खानापूर_सुभेदार (निवृत्त)
शहापूरकर, १९७१ ला पाकिस्तानच्या जनरल नियाझीने ढाक्याला शरणागतीवर सही केली. ९३ हजार युद्धकैदी. पुढे जिवंत घरी गेले. त्याला तुम्ही शहाणा म्हणाल?

शहापूरकर
त्या सहीपुरता, हो. आधीच्या नऊ महिन्यांचा जाब वेगळा.

टिळकवाडी_इतिहास
मग लीलाही हाच न्याय लावा. तुम्ही 'मोठा' म्हणताय, मी 'त्या दुपारपुरता बरोबर' म्हणते.

खानापूर_सुभेदार (निवृत्त)
चालेल. पण महाराजांना काय वाटलं ते बघा. रावांची मुलगी त्यांनी राजारामांना करून घेतली. चुकलेल्या माणसाची मुलगी कोण सून म्हणून आणतं?

शहापूरकर
हळहळ होतीच, शब्द त्यांचेच होते. पण रिकाम्या जागी नेमलं कुणाला? हंसाजी मोहित्यांना, आपल्या हंबीररावांना. महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने त्यांचे गुण सांगताना मर्दानगीसोबत सबुरीही सांगितली आहे. नेसरीनंतर महाराज सरनौबतात काय शोधत होते, ते त्यात आलं.

वडगावचा_गडी
आणि त्या सबुरीवाल्या हंबीररावांना मरण कुठं आलं? वाईजवळ, लढाईतच.