माजी सैनिकाची घरपट्टी माफी : घर अजून दिवंगत पतीच्या नावावर असेल तर?

पारावरून
नमस्कार मंडळी. गावातल्या माजी सैनिकांच्या आणि सैनिक विधवांच्या घरपट्टी माफीचे अर्ज मंडळातर्फे एकदमच भरायचे आहेत. तीन प्रकरणं अडली आहेत.

एका काकूंचे पती हवालदार म्हणून निवृत्त झाले, पुढे आजारपणात घरीच वारले. नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीत) अजून त्यांचंच नाव आहे, आणि ग्रामपंचायतीतून उत्तर मिळालं की माफी फक्त वीरपत्नींना. दुसऱ्या घराची नोंद मयत वडिलांच्या नावे, वारस तीन भाऊ, त्यातला एकच फौजेत होता. तिसऱ्यांचं घर गावात आणि फ्लॅट शहरात. शिवाय घरपट्टीपलीकडे मंडळ काय करू शकेल, तेही सांगा.

नमुना_आठ
'फक्त वीरपत्नींना' हे साफ चूक आहे. २०१६ साली शहरी भागात शौर्यपदकधारक आणि त्यांच्या विधवांना माफी मिळाली, तेच अजून अनेकांच्या डोक्यात बसलंय. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली राज्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिक विधवांना माफी लागू झाली, ग्रामपंचायत हद्दीतही. पती युद्धात गेले की घरी वारले, याचा इथे संबंध नाही. अर्जाला शासन निर्णयाची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी नकार मिळाला तर वर दाद मागायला हातात काहीच राहत नाही. लेखी नकार मिळाला तर गटविकास अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

काकूंच्या बाबतीत आधी वारस नोंद, मग माफी. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि मुलांचं संमतीपत्र देऊन नमुना ८ ला काकूंचं नाव लावून घ्या. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले तर माफीचा अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो आणि वर्ष वाया जातं.

तीन भावांचं प्रकरण वेगळं आहे. सामाईक नोंदीवर माफी मागितली की बाकीच्या दोघांच्या हिश्श्याचा कर कोण भरणार, हा प्रश्न उभा राहतोच. वाटणी करून फौजी भावाच्या भागाला स्वतंत्र मालमत्ता क्रमांक घ्या. भाऊबंदकी नसेल तर हे काम आत्ताच उरका, पुढच्या पिढीवर ढकलू नका.

कागदाला_कागद
वरच्याला जोड. मुख्य कागद म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला. त्यासाठी डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी सेवापुस्तिका), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र आणि आधार लागतं. निमलष्करी दलांतून निवृत्त झालेल्यांना हा दाखला मिळत नाही, त्यांना आधीच सांगा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

नावांकडे नीट बघा. डिस्चार्ज बुकात 'दत्तू', घरपट्टीत 'दत्तात्रय', आधारवर तिसरंच स्पेलिंग. विधवांच्या बाबतीत फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं नाव आणि गावात सासरचं, हे तर सर्रास. स्थानिक अर्जाला एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा चालतं. पण पीपीओवरच पत्नीचं नाव चुकीचं असेल, तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्या. तीच चूक उद्या कौटुंबिक पेन्शनलाही आडवी येते.

दुसरी खाच अधिवासाची. अट अशी की जन्म महाराष्ट्रातला हवा, नाहीतर राज्यात सलग १५ वर्षांचं वास्तव्य. नोकरी सगळी सीमेवर गेलेली, मग सलग वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून? त्यापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या जन्मस्थळाचा आधार घेऊन तहसीलमधून अधिवास दाखला काढा.

शहरी_कर
घर आणि फ्लॅट दोन्ही असतील तर माफी राज्यभरात एकाच मालमत्तेला, तीही स्वतः राहत असाल तरच. भाड्याने दिलेली जागा बाद. तेव्हा जिथे राहतात तिथलाच अर्ज करा आणि दुसरीकडे माफी घेतली नसल्याचं हमीपत्र जोडा. फ्लॅटची कर आकारणी अजून बिल्डरच्या नावे आहे का, तेवढं पाहा. असेल तर इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) देऊन आधी नाव बदला. बिल शून्यच येईल अशी आशा मात्र लावू नका. पाणीपट्टीचा हिशेब वेगळा असतो, आणि शिक्षण करासारखे शासनाचे कर बिलात राहू शकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्ज दिला म्हणून बिल न भरणं. महापालिका थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लावते. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत बिल भरत राहा. काही ठिकाणी हयातीचा दाखला जोडून दरवर्षी नवा अर्ज मागतात, ते कर विभागात आधीच विचारून ठेवा.

पारावरून
खूप आभार, वारस नोंदीचं काम आधी हातात घेतो. एकांचं डिस्चार्ज बुक पुरात गेलंय, त्यांचं काय?

कागदाला_कागद
पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. त्यांची पूर्वी तिथे नोंदणी झाली असेल तर कार्यालयाच्या फाइलमध्ये जुनी प्रत सापडू शकते, आधी ती मागा.

मंडळाच्या प्रश्नाबद्दल : सत्कार, शाल-श्रीफळ होतच असतं. त्यापेक्षा पेन्शन नसलेल्यांना शोधा. पेन्शनला पुरेशी सेवा होण्याआधीच बाहेर पडलेले जवान आणि त्यांच्या विधवा प्रत्येक गावात असतात, आणि ते स्वतःहून पुढे येत नाहीत. हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा, वय ६५ च्या वर आणि पेन्शन नाही, अशांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. ते ४,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालंय. अर्ज ऑनलाइन असतो, आणि ऐंशीच्या घरातल्या आजींना तो एकटीने भरणं शक्य नाही. मंडळाची दोन पोरं लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन घरोघरी गेली, तर एका रविवारी अख्ख्या गावाची यादी होईल. त्याच फेरीत पेन्शनवाल्यांचा 'स्पर्श'वरचा (संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवरचा) हयातीचा दाखलाही करून टाका. अंगठ्याचे ठसे झिजलेल्यांसाठी चेहरा ओळखणारं ॲप मोबाइलवर आधीच टाकून ठेवा.