मदत हवी: कटिंगच्या चिंध्यांपासून परत सूत कसं करून घ्यायचं?

निळीसुई
नमस्कार. माझं टी-शर्ट शिवायचं लहान युनिट आहे. मुख्य खरेदीदाराने कळवलंय की पुढच्या सीझनपासून ३०% रिसायकल्ड कापडच चालेल, आणि शक्यतो आमच्याच चिंध्या वापरायच्या. दोन स्पिनिंग मिलना नमुना पाठवला. दोघांनीही नाही म्हटलं, कारण दिलं नाही. इतकी वर्षं चिंध्या वजनावर विकल्या, पुढे त्यांचं काय होतं हे कधी विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. मंगळवारी उत्तर द्यायचंय. कोणी केलंय का हे? थेट मार्ग सांगा.

आडवाताणा
कापड कशाचं आहे? रंग वेगळे ठेवता की सगळं एकाच पोत्यात? महिन्याला किती किलो निघतं?

निळीसुई
टी-शर्टचं कापड, कॉटन. पोतं एकच. किलोचा हिशोब नंतर देते, आधी मिल का नाही म्हणतेय ते सांगा ना.

रानवारा
चिंध्यांच्या मागे कशाला लागता? सरळ बांबूच्या कापडावर जा. बांबू झपाट्याने वाढतो, कापड मऊ असतं, गिऱ्हाईक खूश. मी तीन वर्षं तेच वापरतेय.

आडवाताणा
रानवारा, बांबूचं ते मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, म्हणजे लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. त्यासाठी लगद्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. लायोसेल (तसाच लगद्याचा, पण वेगळ्या द्रावकातून काढलेला धागा) असेल तर गोष्ट वेगळी, त्यातला द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून पुन्हा वापरतात. पण ताईंनी बांबूबद्दल विचारलेलंच नाही.

रानवारा
विचारलं नसलं तरी पर्याय सांगायला काय हरकत आहे? लायोसेलही बांबूपासून होतं.

दुपदरी
सगळ्यात सोपं म्हणजे बाटल्यांपासूनचं पॉलिएस्टर. तयार सूत मिळतं, कागदपत्रं तयार. ३०% मिसळा, झालं काम.

सुतकताई
दुपदरी, मला हे अजिबात पटत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टी-शर्ट केला की तो पुढे बहुतेक कचऱ्यातच जातो. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात आहे की कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहून कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. त्यात १००% कॉटनमध्ये पॉलिएस्टर मिसळलं, तर आज सहज रिसायकल होणारं कापड आपणच अवघड करून ठेवतो.

दुपदरी
नवं पॉलिएस्टर तेलापासून काढण्यापेक्षा तरी बरंच ना? आणि मंगळवार जवळ आलाय, तत्त्वांवर ऑर्डर निघत नाही.

शुभ्रकमळ
मला वाटतं कपडे जास्त टिकवणं महत्त्वाचं. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. काखेतल्या पिवळ्या डागांना ब्लीच लावू नका, डाग आणखी वाढतात.

सुतकताई
निळीसुई, एकच विचारते. कापडात लायक्रा आहे का?

निळीसुई
मेन जर्सी, म्हणजे अंगाचं विणलेलं कापड, १००% कॉटन. गळ्याच्या रिबमध्ये (ताणणाऱ्या पट्टीत) ५% आहे. लेडीज फिटिंगच्या मालातही ५%. ते तर सगळेच घालतात, म्हणून लिहिलं नाही. ओव्हरलॉकचा (कडा शिवणाऱ्या मशीनचा) कचराही त्याच पोत्यात जातो.

सुतकताई
मग मिलने नाही म्हटलं ते यामुळेच असणार. चिंध्या फाडून तंतू मोकळे करताना कापूस सुटतो, पण इलास्टेन (म्हणजेच लायक्रा) ताणलं जातं, यंत्राच्या दातांना गुंडाळतं, त्याच्या गुठळ्या होतात. ओव्हरलॉकच्या कचऱ्यात बहुधा पॉलिएस्टरचा शिलाईदोरा असतो, तोही नको. छापलेले रिजेक्ट पॅनल असतील तर तेही बाजूला काढा, रबरासारखी छपाई सुटत नाही. आधीचं पोतं विसरा. आता काडीने तंतू जाळून निवडत बसू नका, ५% इलास्टेन त्यात कळत नाही. कटिंग टेबलावरच, रोलवरचं लेबल बघून, पोती वेगळी करा. आणि रंगही वेगळे ठेवा. गडद निळ्या चिंध्यांचं सूत निळसरच येतं, म्हणजे रंगाईतलं पाणी आणि रसायनं वाचतात.

आडवाताणा
+१. फाडताना तंतू आखूड होतात, त्यामुळे त्यात नवा कापूस मिसळावाच लागतो. म्हणून ३०% ही मागणी वाजवी आहे. मात्र सूत बहुधा ओपन एंडचं (रोटरवर कातलेलं) मिळेल, जरा जाड आणि खरबरीत. आत्ता वापरताय तसं बारीक काउंटचं (जाडीचं) सूत मागू नका. खरेदीदाराला प्रमाणपत्र हवंय की नुसतं तोंडी?

निळीसुई
टॅगवर ‘३०% रिसायकल्ड’ छापायचंय म्हणाले.

आडवाताणा
हे आधी सांगायला हवं होतं! जीआरएसचा (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) लोगो ग्राहकाच्या टॅगवर लावायला किमान ५०% लागतं, तेव्हा तो मार्ग बंद. आरसीएस (रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड) ५ टक्क्यांपासून चालतं, ते बघा. दोन्ही मानकं टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेची. पण साखळीतल्या प्रत्येकाचं प्रमाणपत्र लागतं: सूत कातणारा, विणणारा, रंगवणारा आणि तुम्हीसुद्धा.

दुपदरी
पण स्वतःचीच चिंधी ‘रिसायकल्ड’ धरतात का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

आडवाताणा
त्याच प्रक्रियेत परत घालता येणारा माल धरत नाहीत. सूतगिरणीने आपलाच पडलेला कापूस पुन्हा यंत्रात घातला, तर तो नाही धरत. कटिंगची चिंधी कटिंगमध्ये परत घालता येत नाही, ती फाडून नव्याने कातावी लागते. म्हणून ती धरतात, वापरापूर्वीचा माल म्हणून.

निळीसुई
मनापासून आभार. आज टेबलाजवळ चार पोती लावली: पांढरी जर्सी, गडद निळी जर्सी, लायक्रावालं, आणि बाकी सगळं. संध्याकाळी वजन केलं तर अर्ध्याहून जास्त माल पहिल्या दोनमध्येच निघाला! मंगळवारी खरेदीदाराकडे नमुन्यासाठी वेळ मागते आणि टॅगचंही स्पष्ट बोलते. आता एकच: गळ्याच्या रिबमधून लायक्रा काढला तर गळा ढिला पडेल का?

सुतकताई
रिबच्या विणीला स्वतःचा ताण असतोच, पण परत आवळायची ताकद कमी होते. पट्टी थोडी आखूड कापून शिवा आणि पाच धुण्यांनंतर मोजा. रिब १×१ आहे की २×२, म्हणजे एक-एक की दोन-दोन उभ्या रेघांची? आणि पट्टी किती रुंद?