अनुभव धागा: कायुगा तळ्याकाठचं ऑरोरा

मंडळी, न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात, कायुगा तळ्याच्या पूर्व काठावर ऑरोरा नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. वेल्स फार्गो आणि अमेरिकन एक्स्प्रेस या दोन्ही कंपन्यांच्या संस्थापकांपैकी एक, हेन्री वेल्स, याने 1868 मध्ये इथे मुलींसाठी वेल्स कॉलेज काढलं. 29 एप्रिल 2024 ला जाहीर झालं, की चालू सत्र संपलं की कॉलेज कायमचं बंद. इथाका, सिरॅक्यूज, रॉचेस्टरकडची बरीच मराठी मंडळी कधी ना कधी तिकडे गेली असणार. कुणी शिकलं असेल, कुणी नुसतं आइस्क्रीम खाऊन परत आलं असेल. आठवेल ते लिहा. फक्त माहितीपत्रकातलं नको.

इथाकात शिकलेला, आता पुण्यात

आमची कॉर्नेलची गँग दर ऑक्टोबरला पानांचे रंग बघायला नव्वद नंबरच्या रस्त्याने वर जायची. डावीकडे तळं, उजवीकडे मक्याची शेतं. मग वळणावर एकदम विटांची जुनी घरं, एक चर्च, काठावर 1833 सालचं ऑरोरा इन हे हॉटेल, आणि बोलता बोलता गाव मागे पडायचं. तळं जवळजवळ चाळीस मैल लांब आणि अगदी अरुंद. हिमनद्यांनी कोरलेलं. सर्वांत खोल जागी 130 मीटरच्या वर, त्यामुळे थंडीतही सगळं गोठत नाही. खाण्याची मात्र बोंब. दोन-तीन ठिकाणं, त्यात शाकाहारी म्हणजे पिझ्झा. आम्ही पोळीभाजी बांधूनच न्यायचो आणि काठावर बसून हाणायचो.

वेल्सची माजी विद्यार्थिनी, नव्वदचं दशक

मी तिथे शिकले. मुंबईहून थेट त्या गावात! पहिल्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं, इथे लोकलचा एक डबा भरेल एवढीही माणसं दिसत नाहीत. तेव्हा कॉलेज फक्त मुलींचं होतं. वर्ग इतके छोटे, की वाचून न आलेली मुलगी लपूच शकायची नाही. कॉर्नेलमध्येही विषय घेता यायचे.

मुख्य इमारतीत मिनर्व्हाचा, म्हणजे रोमन विद्यादेवीचा, पुतळा होता. 1888 च्या आगीत जुनी इमारत जळाली, पुतळा वाचला. शेवटच्या वर्षाच्या मुली तासांच्या शेवटच्या दिवशी तिच्या पावलांचं चुंबन घ्यायच्या. मी नमस्कारही केला, सवयीने. मग सगळ्या जणी तळ्यात उड्या मारायच्या. मे महिन्यातलं ते पाणी! हाडं वाजतात अक्षरशः. फ्रान्सिस फोल्सम इथलीच, 1885 ची पदवीधर. पुढच्याच वर्षी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडशी लग्न, वय एकवीस. आम्हाला तिचं कौतुक सारखं ऐकवलं जायचं. मला त्यात लग्नापेक्षा पदवी मोठी वाटायची, पण ते कुणी विचारत नव्हतं.

2004 मध्ये मुलग्यांना घ्यायचं ठरलं तेव्हा मुलींनी निदर्शनं केली, मी लांबून ईमेलवर भांडले. 2005 पासून मुलगे आले. आता वाटतं, मुलगे आले म्हणूनच वीस वर्षं जास्त मिळाली असतील. कॉलेज बंद झाल्यावर पुतळा हलवताना मिनर्व्हाची मान तुटली, ही बातमी वाचली त्या दिवशी मात्र काही सुचलं नाही.

रॉचेस्टर

ताई, छान लिहिलंत. कुणीच मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गनचं नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. 1818 मध्ये ऑरोराजवळच्या शेतावर जन्म, शाळा गावातल्याच कायुगा अकॅडमीत. पुढे रॉचेस्टरला वकिली. एंगल्स वाचलेल्या आपल्याकडच्या डाव्या मंडळींना हा मॉर्गन चांगला ठाऊक असतो, पण तो या एवढ्याशा गावातला हे कुणाला माहीत नसतं. त्याने जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वकिलातींना नात्यांच्या छापील प्रश्नावल्या पाठवल्या. 1871 मध्ये त्यावरचा त्याचा ग्रंथ निघाला, त्यात तमिळ, तेलुगूबरोबर मराठी नातीही आहेत. सेनेका या मूळ अमेरिकन लोकांच्या मावशी-आत्यांशेजारी आपल्या मावशी-आत्या! रात्री अकराला हे सापडलं आणि मी बायकोला उठवून दाखवलं. तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

न्यू जर्सी

आम्ही दोन रात्री राहिलो. सुंदर आहे, वाद नाही. पण जरा जास्तच सुंदर. अमेरिकन गर्ल बाहुल्यांचा धंदा विकून गब्बर झालेल्या प्लेझंट रोलंड, त्याही वेल्सच्या, यांनी 2001 पासून पैसा ओतून गाव नटवलं. पडायला आलेल्या इमारती वाचल्या हे खरंच, त्यावरून गावात भांडणंही झाली हेही खरं. खोलीचं भाडं बघून मला घाम फुटला. जवळच मॅकेन्झी-चाइल्ड्सचं आवार आहे, काळ्या-पांढऱ्या चौकटींची भांडी. बायकोने किटली घेतली. त्या किमतीत घरी जर्मनच्या भांड्यांचं आख्खं स्वयंपाकघर लागलं असतं.

बॉस्टन, मूळचे सांगलीकर

मी उन्हाळ्यात तिथे छपाईची कार्यशाळा केली. व्हिक्टर हॅमर हा अक्षरकार 1939 पासून जवळजवळ दहा वर्षं तिथे शिकवत होता, आणि 1993 पासून ग्रंथकलेचं स्वतंत्र केंद्र होतं. माझ्या आजोबांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीबुकं. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, हातात घेतल्यावर बोटांनी आपोआप त्यांवरची खाच चाचपली. बाकीचे थक्क. इंग्रजीला खिळे ठेवायचे खणांचे दोन ट्रे पुरतात. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून आमच्याकडे किती खण लागायचे हे फळ्यावर काढून दाखवलं, तर शिकवणाऱ्या बाई खडू घेऊन शेजारीच बसल्या. त्या दिवशी दुपारचा तास मीच घेतला म्हणा ना. ती यंत्रं आता कुठे गेली, कुणाला कळलं तर सांगा. बाकी इमारतींचं काहीही होवो.

सिरॅक्यूज

गावाचं काय होणार यावर थोडं. गावाला पाणी पुरवणारं शुद्धीकरण केंद्रसुद्धा कॉलेज चालवायचं. म्हणजे प्रश्न फक्त रिकाम्या वसतिगृहांचा नव्हता, नळाचा होता. सगळे हळहळतात ते इमारतींसाठी.

आणि एक. गावाचा इतिहास 1868 च्या कॉलेजपासून मोजताना जरा थांबा. तिथे आधी कायुगा या मूळ अमेरिकन लोकांचं गाव होतं, पीचच्या बागा होत्या. 1779 मध्ये जनरल सलिव्हनच्या मोहिमेत अमेरिकन सैन्याने घरं जाळली, सुमारे 1500 झाडं तोडली. हेही त्याच काठावरचं.

नाशिक

पुढच्या जूनमध्ये लेकीकडे इथाकाला येतोय. आता कॉलेज नाही, तर जाण्यात अर्थ आहे का?

इथाकात शिकलेला, आता पुण्यात

काका, जरूर जा. अर्धा दिवस पुरे. गावातून पायी फिरा, मग थोडं दक्षिणेला लाँग पॉइंट पार्कला बसा, सूर्यास्त तळ्यापलीकडे दिसतो. डबा बरोबर ठेवा.