सॉफ्टवेअर बनवून घ्यावं की तयार घ्यावं? तुमचं मत हवंय

धागाकर्ता
आमचा यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय आहे. पंचेचाळीस माणसं, त्यातले निम्मे तंत्रज्ञ रोज ग्राहकांकडे असतात. तक्रारी, साठा, बिलं सगळं आजवर एक्सेलवर चाललं, आता पेलत नाही. एकच फाईल तिघांकडे तीन रूपांत सापडते. समोर दोन वाटा आहेत: दरमहा माणशी पैसे भरून तयार सॉफ्टवेअर वापरायचं, किंवा डेव्हलपरकडून आमच्यापुरतं बनवून घ्यायचं.

माझा कल बनवून घेण्याकडे आहे. तयार सॉफ्टवेअरचा डेमो पाहिला, तर त्यात एका तक्रारीला एकच भेट धरलेली. आमच्याकडे एका यंत्रासाठी तीन-तीन भेटी होतात, मधे सुटा भाग मागवावा लागतो, तो येईपर्यंत आमच्याकडचा भाग तात्पुरता बसवून यंत्र चालू ठेवतो. ग्राहक आमच्याकडे येतात ते याच्यासाठी. ही पद्धत पंधरा वर्षांत घडली आहे. सॉफ्टवेअरसाठी ती का मोडायची?

हिशेबनीस
'आमची पद्धत वेगळी' हे वाक्य मी प्रत्येक धंद्यात ऐकलं आहे आणि त्यातलं बरंचसं वेगळेपण म्हणजे नुसती सवय असते. जर्मनीच्या लिडल या दुकानसाखळीचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये त्यांनी सॅप या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आणायला घेतलं. त्यात साठ्याचं मूल्य विक्रीच्या किमतीनं धरण्याची रीत होती, लिडलची रीत खरेदीच्या किमतीची. त्यांनी आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर बदलत राहिले. २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला तेव्हा सुमारे ५० कोटी युरो गेले होते. इतकी मोठी कंपनी, तरी ही गत. पंचेचाळीस माणसांच्या व्यवसायानं या भानगडीत पडूच नये.

प्रोग्रामर
हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. लिडलनं शून्यापासून बनवून घेतलं नव्हतं, तयार सॉफ्टवेअर घेऊन ते फोडलं-जोडलं होतं. माझ्या मते ही सगळ्यांत वाईट वाट. पैसे दोन्हीकडचे जातात, आणि मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आपण केलेले बदल तपासत बसायचं. तयार घ्यायचं तर आहे तसं वापरा. जमणार नसेल तर बनवून घ्या.

आणि तात्पुरता बसवलेला भाग ही सवय नव्हे. तो साठ्यात मोजायचा की ग्राहकाकडे? परत आला नाही तर कोणाच्या नावावर? सॉफ्टवेअरमध्ये याची जागा नसेल तर माणसं ते वहीत लिहितील, आणि महिन्याभरात तुम्ही एक्सेलच्याही मागे गेलेले असाल.

भाजलेली
मी तुमच्याच जागी होते, बनवून घेतलं होतं. एकच डेव्हलपर होता, हुशार आणि मनापासून काम करणारा. सॉफ्टवेअर सुंदर झालं, आमचे लोक खूश होते. दोन वर्षांनी त्यानं दुसरीकडे नोकरी धरली. तेव्हा कळलं की सर्व्हर त्याच्या खात्यावर होता, सोर्स कोडची, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं त्या मूळ लिखाणाची, प्रत आमच्याकडे नव्हती, आणि काय कसं केलं आहे याचा एक कागद नव्हता. कराच्या नियमात एक साधा बदल झाला, तर आम्हाला बिलं हातानं करावी लागली. त्याला मी दोष देत नाही. करारात यातलं काहीच मी लिहून घेतलं नव्हतं.

लोक शिवून घेतलेल्या कपड्यांची उपमा देतात, ती मला पटत नाही. सदरा घरी आणला की शिंप्याचं काम संपतं, इथे ते तेव्हा सुरू होतं.

प्रोग्रामर
अगदी खरं. म्हणून डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता), सर्व्हर आणि कोडची रिपॉझिटरी (कोड साठवण्याची जागा) तिन्ही पहिल्या दिवसापासून मालकाच्या खात्यावर हवीत. डेव्हलपरला फक्त प्रवेश द्यायचा. पैसे टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला वापरता येईल असं काहीतरी हातात पडल्यावर. आणि देखभालीचा खर्च दरवर्षीचा धरा, एकदाचा नाही.

पण तयार सॉफ्टवेअरमध्येही माणूस निघून जातो, फक्त तो कंपनीच्या रूपात असतो. ती दर वाढवते, एखादी सोय काढून घेते, उत्पादनच बंद करते. तुमच्या हातात काय उरतं?

हिशेबनीस
डेटा उरतो, जर आधी विचारलं असेल तर. विकत घेण्याआधी चाचणी खात्यात थोड्या नोंदी भरा आणि सगळं बाहेर काढून बघा. नुसती ग्राहकांची यादी नको; तक्रारींचा इतिहास, जोडलेले फोटो, कोणी कधी काय बदललं तेही निघायला हवं.

आणि बनवून घेण्यातला मोठा धोका अजून कोणी बोललं नाही: आपल्याला काय हवं ते आपल्यालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेनं तपासाच्या फायलींसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. मागण्या बदलत गेल्या, आणि २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून ते सोडून द्यावं लागलं. डेमो पाहताना 'हे असं नको' एवढं तरी सांगता येतं. कोऱ्या कागदापुढे तेही सुचत नाही.

सेवाविभाग
दोन्ही बाजूंच्या गोष्टी फार मोठ्या कंपन्यांच्या चालल्या आहेत, मी कामाचं सांगतो. गेल्या वर्षातल्या सगळ्यांत किचकट दहा तक्रारी काढा. तीन भेटींची, तात्पुरत्या भागाची, भांडून पैसे परत केलेली, सगळ्या. त्या घेऊन विक्रेत्याकडे जा आणि तुमच्यासमोर भरायला लावा. कीबोर्डवर तुमचा तंत्रज्ञ बसू दे. विक्रेता आपला ठरलेला डेमो दाखवतो तेव्हा सगळंच सोपं दिसतं.

दुसरं, हंगामात बदल करू नका. चॉकलेटवाल्या हर्शीनं १९९९ मध्ये तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या, त्याही हॅलोवीन सणाच्या विक्रीच्या तोंडावर. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. माल गोदामात होता.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललं आहे. हिशेब आणि पगार तयार घेणार, तिथे आमचं वेगळं काही नाही, आणि नियम बदलले की ते दुरुस्त करायला कोणीतरी बसलेलं असतं. तक्रारी आणि सुटे भाग एवढंच बनवून घ्यायचा विचार आहे.

हिशेबनीस
मग दोघांमधला सांधा कोण सांभाळणार? तक्रार इकडे, बिल तिकडे. महिनाअखेरीस दोन आकडे जुळले नाहीत की तयारवाले म्हणतील चूक त्या सॉफ्टवेअरची, डेव्हलपर म्हणेल त्यांची. मी अशा रात्री काढल्या आहेत. माझं मत अजूनही तेच: सगळं एकाकडून घ्या, नव्वद टक्के जमलं तरी पुरे.

प्रोग्रामर
उरलेल्या दहा टक्क्यांसाठीच ग्राहक त्यांच्याकडे येतात, हे ते पहिल्याच पोस्टमध्ये म्हणालेत. सांध्याचं म्हणाल तर एक नियम पाळा. ग्राहकाची नोंद एकाच ठिकाणी जन्मते, बिलाचा आकडा एकाच ठिकाणी, दुसरीकडे ते फक्त दिसतं, बदलता येत नाही. दोन्हीकडे बदलता आलं की जुळवाजुळवीला अंत नाही.

धागाकर्ता
बिलाचा आकडा हिशेबाच्या बाजूला ठेवेन. दहा तक्रारी आज काढल्या, त्यातल्या सहा एकाच जुन्या यंत्राच्या निघाल्या. मंगळवारी दोघे तंत्रज्ञ घेऊन पुन्हा डेमोला जातोय. त्या सहा तिथे बसल्या, तर बनवून घेण्याचा विचार सोडेन.