क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल, इंडियानापोलिस: इमारत आणि बास्केटबॉल

प्रश्न: १९२७ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यात केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या या शाळेच्या संघाला स्वतःचे सामने इतरत्र का खेळावे लागत? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १: शाळेची व्यायामशाळा फार लहान असल्याने यजमानपदाचे सामनेही बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहासारख्या ठिकाणी होत. मूळ अन्याय मात्र याहून मोठा होता, कारण १९४२ पर्यंत राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने कृष्णवर्णीयांच्या शाळांना राज्य स्पर्धेपासून दूरच ठेवले होते.

प्रतिसाद २: थोडी भर घालतो. १९५५ साली रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली, पुढे नामवंत बास्केटबॉलपटू झालेल्या ऑस्कर रॉबर्टसन यांच्यासह खेळणाऱ्या या संघाने राज्य विजेतेपद पटकावले. तोवर इंडियानापोलिसच्या एकाही शाळेला ते मिळाले नव्हते. तरीही अग्निशमन दलाच्या गाडीवरून निघालेली विजययात्रा शहराच्या मध्यवर्ती स्मारकाला जेमतेम वळसा घालून कृष्णवर्णीय वस्तीतील उद्यानाकडे नेण्यात आली, आणि हा अपमान रॉबर्टसन यांना पुढे कायम सलत राहिला. १९५६ मध्ये या संघाने एकही सामना न गमावता पुन्हा विजेतेपद मिळवले.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ती इमारत अजून उभी आहे का?

प्रतिसाद १: होय. १९८६ मध्ये तिथले हायस्कूल बंद झाले, परंतु २००६ पासून ते पुन्हा सुरू आहे आणि तेथे संग्रहालयही आहे.