इंग्रजांनीही धर्म वापरलाच की
वर एकांनी लिहिलंय की धर्माचा आधार घेऊन राज्य करणं ही राजेरजवाड्यांची पद्धत, इंग्रज आले तेव्हा नुसत्या कायद्यावर आणि बंदुकीवर चाललं. पहिला भाग मान्य, पण दुसरा मला अजिबात पटत नाही. पुण्याचंच बघा. पेशवे श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या बंदिस्त जागेत दक्षिणा वाटायचे, लांबलांबून ब्राह्मण यायचे, सगळ्यांना आवारात घेऊन दारं बंद करायची आणि मग बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर पैसे ठेवायचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी कंपनीचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने दक्षिणेचा पैसा एकदम तोडला नाही, कारण हा वर्ग नाराज झाला तर नवीन राज्य जड जाईल हे त्याला बरोब्बर कळत होतं. त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, शास्त्री नेमून शास्त्रं शिकवायला, आणि हे सगळं कंपनी सरकारच्या खर्चाने!

साताऱ्याचं तर अजूनच उघड आहे. पेशव्याशी लढाई चालू असतानाच इंग्रजांनी जाहीरनामा काढला की छत्रपतींना पेशव्याच्या कैदेतून सोडवून राज्य देऊ, आणि प्रतापसिंह महाराजांना खरंच गादीवर बसवलं, म्हणजे लोकांच्या मनात गादीबद्दल जी निष्ठा होती ती पेशव्याविरुद्ध वापरली. गरज संपल्यावर १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवलं आणि १८४८ मध्ये त्यांच्यानंतरच्या राजाचा दत्तक वारस नामंजूर करून राज्यच खालसा केलं. परंपरा पाळायची की मोडायची हे सत्तेच्या सोयीने ठरत होतं, राज्यकर्त्याचा स्वतःचा धर्म कुठला याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.