बॉक्सर पिंजऱ्यात हरेल, तरीही मोठा लढवय्या तोच!

उजवा_हूक

आमच्या ग्रुपवर कोणीतरी पुन्हा ती जुनी क्लिप टाकली. नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर, यूएफसीचा, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा, पहिलावहिला कार्यक्रम. आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लव्ह घालून पिंजऱ्यात उतरलाय, दुसरा हात उघडा. रॉयस ग्रेसी त्याला खाली पाडतो, छातीवर बसतो, आणि जिमरसन हार मानून मोकळा. गळा आवळलेला नाही, हात पिरगळलेला नाही. नुसतं खाली अडकल्यावर पुढे काय करायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. खाली मित्राची टीप: "बॉक्सिंगचा बाजार उठला तो दिवस."

तीस वर्षं हेच ऐकतोय. तर आधीच कबूल करून टाकतो: एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीच्या, नियमांत निव्वळ बॉक्सर एमएमएवाल्यासमोर हरणार. पण एवढ्यावरून तो कमी दर्जाचा लढवय्या कसा ठरतो?

एमएमएवाल्याचे हात बघा, कायम खाली. बॉक्सरला पळवाट नसते. एमएमएवाल्याच्या तोंडावर दोन सणसणीत बसले की तो खाली वाकून पाय धरतो, मिठी मारतो, जाळीला टेकवतो. बॉक्सरनेही मिठी मारली तरी पंच दोन सेकंदांत सोडवतो, की परत त्याच दोन मुठी आणि समोर तोच माणूस. तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या. खांदा कधी खोटा हलला आणि कधी खरा, हे ओळखायला आयुष्य जातं.

पुरावा हवा? २६ ऑगस्ट २०१७, लास वेगास. यूएफसीच्या दोन वजनगटांचा विजेता राहिलेला कॉनर मॅक्ग्रेगर विरुद्ध चाळिशीतला, दोन वर्षं घरी बसलेला बॉक्सर फ्लॉइड मेवेदर. पहिल्या काही फेऱ्या मेवेदरने त्याला नाचू दिलं, दमवलं आणि दहाव्या फेरीत पंचाला मध्ये पडायला लावलं.

बोला आता.

लाल_माती

एका क्लिपला उत्तर दुसऱ्या क्लिपने देतो. ऑगस्ट २०१०, बॉस्टन. जेम्स टोनी, तीन वजनगटांत जगज्जेता राहिलेला बॉक्सर, यूएफसीत उतरला. समोर रँडी कुटूर, मूळचा कुस्तीगीर. लढत सुरू झाली आणि कुटूरने लांबूनच, गुडघा जवळजवळ गादीला टेकवत, टोनीचा घोटा पकडला. आमच्याकडे याला एकेरी पट म्हणतात. टोनी कसा पडला बघा: जिन्यात शेवटची पायरी चुकल्यावर माणूस बसतो ना, तसा. पुढची तीन मिनिटं तो पाठीवर. पहिल्याच फेरीत ३ मिनिटं १९ सेकंदांना गळा आवळला आणि खेळ खलास.

तालमीत पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा इतक्या लांबून काढलेल्या पटात येत नाही, राव. त्याला आधी पाय मागे टाकायला शिकवतात, मग बाकीचं.

भांडण उभ्याने करायचं की आडव्याने, हे जो ठरवतो तो लढवय्या. ते टोनीच्या हातात क्षणभरही नव्हतं.

उजवा_हूक

टोनी तेव्हा ४२ वर्षांचा होता. पोट सुटलेलं.

लाल_माती

कुटूर ४७ वर्षांचा होता.

भाकरवडी

😂😂 पाणी आणा कोणीतरी धागाकर्त्यांना.

न्यूजर्सीकर

मॅक्ग्रेगरचं उदाहरण देताय, मग यूएफसीचा माजी हेविवेट विजेता फ्रान्सिस एनगानू कुठे गेला? २८ ऑक्टोबर २०२३, रियाध. तिकडे रात्र, आमच्याकडे शनिवारची भर दुपार. आम्ही चार मराठी टाळकी पोहे खात बघत होतो, कारण बॉक्सर टायसन फ्युरी दोन-तीन फेऱ्यांत उरकणार याची सगळ्यांनाच खात्री. तिसऱ्या फेरीत एनगानूचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि हेविवेटचा तेव्हाचा जगज्जेता पाठीवर! माझ्या मित्राच्या हातातली बशी कलंडली, गालिच्यावर अजून हळदीचा डाग आहे. एनगानूची ती आयुष्यातली पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत. हरला तोही दोन विरुद्ध एक पंचांच्या निकालावर.

पहिल्याच लढतीत दुसऱ्याच्या घरात जाऊन तिथल्या विजेत्याला आडवं करणारा बॉक्सर दाखवा.

उजवा_हूक

@न्यूजर्सीकर, पोह्यांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. पाच महिन्यांत, मार्च २०२४ मध्ये, त्याच रियाधमध्ये बॉक्सर अँथनी जोशुआने एनगानूला दोन फेऱ्यांत तीनदा पाडलं. तिसऱ्यांदा तो उठण्याच्या स्थितीतच नव्हता. फ्युरी तयारी न करता आला होता, जोशुआ अभ्यास करून आला. फरक एवढाच.

आणि बॉक्सर दाखवा म्हणताय ना? रे मर्सर. १९८८ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. २००९ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एमएमएच्या नियमांत टिम सिल्व्हियासमोर उभा राहिला. सिल्व्हिया म्हणजे यूएफसीचा माजी हेविवेट विजेता. एक उजवा ठोसा. दहा सेकंदही लागले नाहीत.

(माझं नाव उगाच 'उजवा_हूक' नाही. तो सरळ उजवा होता, पण चालवून घ्या.)

लाल_माती

त्याच मर्सरला त्याआधी २००७ मध्ये किंबो स्लाइसने पिंजऱ्यात गिलोटिन (मान काखेत धरून गळा आवळायचा डाव) लावून हार मानायला लावली होती. किंबो कोण? घरामागच्या अंगणातल्या मारामाऱ्यांच्या व्हिडिओंमुळे गाजलेला माणूस! त्याची ती पहिलीच पिंजऱ्यातली लढत. ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात होतं, पण गळा कसा वाचवायचा ते ठाऊक नव्हतं.

दहा सेकंदांत ठोसा बसला तर बॉक्सर राजा. अकराव्या सेकंदाला पट निघाला की काय, ते सांगा.

गिरगावकर_काका

तरुण मंडळी, हा वाद तुमच्या यूएफसीच्या आधीचा आहे. २६ जून १९७६, टोकियो. मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. इनोकीच्या डावांवर बरीच बंधनं घातली होती, तेव्हा त्याने काय करावं? घंटा वाजली की पाठीवर लोळण घ्यायची आणि खालून अलीच्या पायांवर लाथा हाणायच्या. पंधरा फेऱ्या हेच! जगातला सर्वांत देखणा बॉक्सर आडव्या पडलेल्या माणसाभोवती गोल फिरतोय आणि 'ऊठ' म्हणून ओरडतोय. प्रेक्षक वैतागले, लढत बरोबरीत सुटली. पण अलीचे पाय इतके सुजले की नंतर रुग्णालयात जावं लागलं.

मला या लढतीवरून गामा पैलवान आठवतो. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को या पोलिश मल्लाने गामासमोर हेच केलं होतं. अडीच तास पोटावर पालथा. हलायला तयार नाही. फरक असा की अलीला खाली पडलेल्या माणसाचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं आणि गामाला ठाऊक असून करता येईना. १९२८ ला पतियाळात पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत झिबिस्कोला चीत केलं.

आणि इनोकी अलीनंतर सहा महिन्यांत कराचीत जाऊन गामाच्याच पुतण्याशी, अक्रम पैलवानाशी लढला. हात पिरगळून जिंकला. तिथे त्याला लोळण घ्यावी लागली नाही.

भाकरवडी

काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

माझा बाळबोध प्रश्न: विरार लोकलच्या दारात भांडण झालं तर दोघांतला कोण कामाचा?

उजवा_हूक

बॉक्सर. लोकलमध्ये पाडायला जागा कुठे आहे?

तिरकी_पायरी

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही, कारण मी दोन्ही केलंय. जगज्जेती वगैरे नाही. कॉलेजच्या वेळी पाच वर्षं बॉक्सिंग, विद्यापीठ पातळीपर्यंत. मग नोकरी, वजन, आणि तिशीच्या तोंडावर ठाण्यातल्या एका एमएमए जिममध्ये नाव घातलं.

पहिल्या आठवड्यात ज्या मुलीशी स्पारिंग (सरावाची लढत) लावलं ती माझ्याहून सहा किलोंनी हलकी. मी मनात म्हटलं, जपून मारू या हिला. बॉक्सरची उभं राहायची पद्धत ठाऊक आहे ना? जरा तिरकं, पुढचा पाय आत वळलेला, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकताना वजन त्याच पायावर. तिने माझ्या त्याच पायाच्या पोटरीवर, गुडघ्याच्या जरा खाली, नडगीने एक लाथ घातली. फार दुखलं नाही. दुसरी. तिसऱ्या लाथेला माझं पाऊल मलाच सापडेना. म्हणजे बघितलं तर ते जागेवर होतं, पण वरून काही हुकूम दिला तर खाली पोहोचत नव्हता. त्या संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून मी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. मागून भाजीची पिशवी घेतलेली आजी म्हणाली, "सावकाश गं बाई, आधी तूच उतर."

दुसरी गोष्ट ग्लव्हची. सरावाचे १६ औंसांचे ग्लव्ह म्हणजे दोन उशा. दोन्ही हात तोंडापुढे धरले की झालं, अर्धे ठोसे त्यांवरच विरतात. एमएमएचे चार औंसांचे. बोटं उघडी. तेच हात तसेच धरले तर मधल्या फटीतून मूठ सरळ नाकावर. आणि ठोसा चुकवायला खाली वाकायची सवय! पाच वर्षं ज्यासाठी शाबासकी मिळाली तेच केलं, तर समोरून गुडघा वर येत होता.

पण उलट बाजूही सांगते. त्याच जिममधला सर्वांत तयार मुलगा, जो मला जमिनीवर मिनिटभरात गुंडाळायचा, त्याच्याशी एकदा फक्त हातांच्या तीन फेऱ्या लावल्या. त्याचा एक जॅब धड लागेना. दुसऱ्या फेरीत त्याचे खांदे खाली आले. त्याचे हात मुळात खाली असतात, कारण त्याला सतत पाय वाचवायचे असतात. ते आळस म्हणून खाली नसतात, धाग्यात कोणी तसं म्हटलंय म्हणून सांगते.

आता माझं मत. धागाकर्ते ज्याला 'पळवाट' म्हणतायत ती पळवाट नाही. ठोसा बसल्यावर डोकं गरगरत असताना समोरच्याचे पाय धरणं, हे अख्खं वेगळं कौशल्य आहे. मी प्रयत्न केलाय. जमत नाही.

उजवा_हूक

'आळस' शब्द मी वापरला नव्हता. पण पोटरीचं वर्णन वाचून माझाच पाय आखडला.

तरी एक मुद्दा उरतो. ऐन उमेदीतला अव्वल बॉक्सर पिंजऱ्यात गेलाच कुठे? टोनी, मर्सर, सगळे उतारवयातले. बॉक्सिंगमध्ये पैसा जास्त, तो सोडून कोण जाईल?

तिरकी_पायरी

पुरुषांपुरतंच बघताय म्हणून. क्लॅरेसा शील्ड्स. २०१२ आणि २०१६, दोन ऑलिंपिक सुवर्णं, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अपराजित. २०२१ मध्ये, २६ व्या वर्षी, ऐन भरात एमएमएत उतरली. कसून तयारी करून. पहिली लढत जिंकली, तीही तिसऱ्या फेरीपर्यंत पाठीवर झगडून. दुसरीत अबिगेल माँटेसकडून हरली. माँटेसने तिच्याशी ठोशांची स्पर्धा केलीच नाही, पाडत राहिली.

आणि होली होमचं नाव कोणी अजून काढलं नाही, नवल आहे. बॉक्सिंगची जगज्जेती, नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला तिने राँडा राउझीला झोपवलं. राउझी म्हणजे ज्युदोची ऑलिंपिक पदकविजेती, तोवर अजिंक्य. ती धरायला धावत येत होती आणि होम बॉक्सरच्या पायांनी बाजूला सरकत होती. प्रत्येक वेळी. शेवट मात्र लाथेने केला, डोक्यावर.

उजवा_हूक

म्हणजे बॉक्सर जिंकली!

तिरकी_पायरी

चार वर्षं कुस्ती आणि जमिनीवरचं शिकून मग जिंकली. तिची सुरुवातही किकबॉक्सिंगपासून आहे.

डॉ_खवचट

मोठा कोण ते ठरवा निवांत. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतीनंतरच्या तपासण्यांची दहा-बारा वर्षांची कागदपत्रं चाळली होती. दुखापत एमएमएवाल्यांना जास्त वेळा होते: सुमारे ५९ टक्के, बॉक्सरना ५० टक्के. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सरमध्ये जास्त, ७ टक्क्यांच्या आसपास विरुद्ध ४. कारण उघड आहे. पिंजऱ्यात माणूस गळपटला की पंच झेप घालून थांबवतो. रिंगमध्ये त्याला आकडे मोजून उभं करतात आणि पुन्हा मार खायला पाठवतात. धागाकर्त्यांना ज्या 'पळवाट नसण्याचं' कौतुक आहे, तिचं बिल आमच्याकडे येतं.

लाल_माती

डॉक्टर बरोबर बोलले. पण आमच्या बाजूचंही एक दुखणं सांगतो, नाहीतर म्हणाल फक्त पैलवानांची बाजू घेतो. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय आपला भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७, शांघाय, समोर चीनचा साँग यादाँग. पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये मान सापडली. कुस्तीत गळा आवळायला परवानगी नाही, त्यामुळे पट काढताना मान समोरच्याच्या काखेत गेली तरी पैलवानाला भीती वाटत नाही. तालमीतून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक पोराला ही सवय मोडावी लागते. म्हणजे सवयी आमच्याही मोडतात. मोडून घ्यायला तयार असतो, एवढंच.

उजवा_हूक

ठीक. 'पळवाट' शब्द मागे घेतो. धाग्याचं शीर्षक मागे घेणार नाही.

@तिरकी_पायरी, ती पोटरीवरची लाथ अडवतात कशी, ते तरी सांगा.

तिरकी_पायरी

पुढचा गुडघा जरा बाहेर वळवून पाय उचलायचा, म्हणजे तिची लाथ पोटरीऐवजी तुमच्या नडगीच्या हाडावर येते. मग दुखतं तिला. अट एकच, तेवढा वेळ तुम्ही एका पायावर उभे असता.

लाल_माती

हां. तेवढा वेळ मला पुरतो.